ओकॅमलमध्ये कॉन्फिग डीमन: आधी झाड, मग कमिट, क्लायंट लायब्ररी शेवटी

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की सिंधुदुर्गात बर्फाचे कारखाने, मासळीची कोल्ड स्टोरेजं आणि आंब्याची पॅकिंग हाऊसं मिळून चाळीसेक ठिकाणी तुमचे छोटे लिनक्स बॉक्स बसलेत, राउटरही तेच, फायरवॉलही तेच, आणि आत्ता सगळं कॉन्फिग, म्हणजे त्यांची सेटिंग्ज, शेल स्क्रिप्टनी एसएसएचवरून (लांबून लॉगिन करून) ढकलता. आता प्रत्येक बॉक्सवर कॉन्फिग सांभाळणारा एक डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, हवाय, ओकॅमल ह्या प्रोग्रामिंग भाषेत, आणि त्याच्याशी बोलायला ओकॅमल आणि पायथन दोन्हीसाठी क्लायंट लायब्ररी. एकाच वेळी अनेक क्लायंट सांभाळायला एलडब्ल्यूटी लायब्ररी घेऊ का ईआयओ, मेसेजचा फॉरमॅट जेसन का प्रोटोबफ, आणि पायथनमधून थेट ओकॅमलचा कोड लिंक करू का, असं विचारलंयस.

मी रत्नागिरीत बसून गेली बरीच वर्षं हेच करतोय, असा एक डीमन शून्यापासून लिहिलाय आणि तो अजून चालू आहे. उत्तर देतो, पण तुझ्या क्रमाने नाही. तू जे विचारलंयस ते जवळजवळ सगळं नंतर बदलता येतं. जे विचारलं नाहीयेस ते नंतर बदलायला गेलं की सगळी कौलं उतरवावी लागतात.

पहिली गोष्ट, व्हॅल्यू साठवणं हे डीमनचं काम नाही, ते साधी फाइलही करते. होडीवर तांडेल एकच असतो, खलाशी कितीही असू देत, तसं ह्या बॉक्सवर आत्ता नक्की कुठलं कॉन्फिग चालू आहे हे एकाच जागी ठरलं पाहिजे, आणि चुकलं तर आधीच्या जागी परत येता आलं पाहिजे. डीमन असतो तो ह्या दोन गोष्टींसाठी. बाकी सॉकेट, प्रोटोकॉल, लायब्ररी हे त्याच्याभोवतीचं आहे. म्हणून सुरुवात कर ती झाडापासून.

कॉन्फिग म्हणजे एक झाड, प्रत्येक नोडला नाव, व्हॅल्यूंची यादी आणि खाली मुलं. हे झाड पूर्ण इम्युटेबल ठेव, म्हणजे एकदा बनलं की न बदलणारं, एकही म्युटेबल फील्ड नको. मग जे चालू आहे ते रनिंग झाड म्हणजे एक रेफ (बदलता येणारा पॉइंटर), कुणी सेशन उघडलं की त्याचं कँडिडेट झाड, जे अजून लागू व्हायचंय ते, म्हणजे त्याच झाडाकडे दुसरा पॉइंटर, कॉपी काहीच होत नाही, आणि एक व्हॅल्यू बदलली की मुळापासून त्या नोडपर्यंतचा रस्ता तेवढा नवीन बनतो, बाकीचं झाड दोघांत सामायिक. रोलबॅक म्हणजे जुना पॉइंटर परत लावणं, एवढंच. मी ओकॅमल निवडलं ते ह्यासाठी, वेगासाठी नाही. आणि ही माझी शक्कल नाही, झेन ह्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या हायपरव्हायझरमधला झेनस्टोरचा, म्हणजे त्याच्या माहितीच्या साठ्याचा, डीमन आधी सीमध्ये होता, तो ओकॅमलमध्ये नव्याने लिहिला तेव्हा हेच केलं, प्रत्येक ट्रान्झॅक्शनला झाडाची प्रत फुकटात मिळते आणि दोघांची टक्कर झाली का हे पॉइंटर तेच आहेत का बघून कळतं. त्यावरचा पेपर २००९च्या आयसीएफपी ह्या फंक्शनल प्रोग्रामिंगच्या परिषदेत आला होता, जरूर वाच, फार लांब नाही.

दोन कॉन्फिगमधला फरक, म्हणजे डिफ, काढतानाही हेच कामाला येतं. दोन झाडं एकत्र चालत जायचं आणि जिथे दोन्ही नोड फिजिकली एकच आहेत, म्हणजे दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासून खरं येतं, तिथे ती फांदी सोडून द्यायची. स्टँडर्ड लायब्ररीचा मॅप, म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा संग्रह, इथे मदत करतो, आहे तीच व्हॅल्यू परत ॲड केली तर तो जुनाच मॅप परत देतो. पण एका बरोबरच्या चिन्हाने दोन मॅप कधीही तपासू नकोस. आतली सामग्री तीच असली तरी कुठल्या क्रमाने भरली त्यावरून मॅपचा आतला आकार वेगळा असू शकतो, मग एकसारखी दोन कॉन्फिगं वेगळी आहेत असं उत्तर येतं आणि गरज नसताना सर्व्हिस रीस्टार्ट होतात. मॅपचं स्वतःचं इक्वल फंक्शन वापर.

मॅपचाच आणखी एक फटका सांगतो, हा मला चांगलाच बसलाय. मुलं मी स्ट्रिंग-की असलेल्या मॅपमध्ये ठेवली होती. एका बर्फाच्या कारखान्यात फायरवॉलचे नऊ रूल होते, सगळे अमुक येऊ दे तमुक येऊ दे असे, आणि मी दहावा घातला, बाकी सगळं ड्रॉप. कमिट झालं, म्हणजे बदल लागू झाला, एरर काही नाही. सकाळी मालकाचा फोन, की रात्रभराचा तापमानाचा आलेख कोरा आहे. कारण स्ट्रिंग म्हणून लावलं की १ नंतर २ येत नाही, १० येतो. सगळं ड्रॉप करणारा रूल दुसऱ्या नंबरला गेला आणि तापमान नोंदवणाऱ्या लॉगरला येऊ दे म्हणणारा त्याच्या खाली. नऊ रूल होते तोवर सगळं बरोबर दिसत होतं, माझ्या टेस्टमध्येसुद्धा कधी तीनपेक्षा जास्त रूल नव्हते. आता मुलांचा क्रम कसा लावायचा हे स्कीमा, म्हणजे कुठे कुठले नोड चालतात त्याचं वर्णन, सांगतो, आकड्यांचे नोड आकड्यांसारखे, काही ठिकाणी लिहिलेल्या क्रमाने, बाकी अक्षरांनी. हा निर्णय पहिल्या आठवड्यात घे, कारण तो फाइल फॉरमॅट, डिफ आणि प्रोटोकॉल तिन्हीकडे पोचतो.

स्कीमावर आलोच आहे तर, नवीन माणूस ओकॅमल घेतो आणि त्याला वाटतं की अख्खा कॉन्फिग टाइपमध्येच बसवू, इंटरफेसचा एक टाइप, डीएचसीपीचा (आयपी वाटणाऱ्या सर्व्हिसचा) एक टाइप, वर जीएडीटी हे ओकॅमलचे अवघड टाइप. मीही दोन महिने त्यात घालवलेत. करू नकोस. तुझा स्कीमा बॉक्स चालू असताना फाइलमधून लोड होणार, उद्या नवीन सेन्सर आला की नवीन नोड येणार, त्यासाठी डीमन परत कंपाइल करायचा का? टाइप वापरायचे ते डीमनच्या स्वतःच्या अवस्थांसाठी. सेशन उघडं आहे, कमिट चालू आहे, कन्फर्मची वाट बघतोय, मागे फिरतोय, हे व्हेरिएंट, म्हणजे ठरावीक पर्यायांचा टाइप, कर, प्रत्येक रिक्वेस्ट आणि प्रत्येक एरर व्हेरिएंट कर, आणि अंडरस्कोरने बाकी सगळं गिळणारा मॅच डीमनमध्ये कुठेही ठेवू नकोस. मग सहा महिन्यांनी नवीन अवस्था घातलीस की कंपायलर एकेक जागा दाखवत जातो, इथे विचार केलेला नाही, इथे केलेला नाही. आणि अपेक्षित एररसाठी एक्सेप्शन नको, रिझल्ट (यश किंवा एरर धरणारा टाइप) वापर, ओकॅमल ४.०८ पासून लेट-स्टार ही लिहिण्याची सोय आलीय त्यामुळे ते वाचायलाही बरं दिसतं.

आता कमिट. माझा सगळा जीव ह्यात आहे.

कमिटची वाट अशी ठेव: कँडिडेट तपास, रनिंगशी डिफ काढ, कुठली सर्व्हिस आधी आणि कुठली नंतर ते ठरव, एकेक लागू कर, सगळं झालं की रनिंगचा रेफ बदल. ह्यातलं लागू करणं सोडून बाकी सगळं प्युअर (बाहेर काहीही न बदलणारं) फंक्शन असू शकतं आणि असावंच. लागू करणं मात्र बाहेरच्या जगात आहे, कर्नलचे रूट, डीएचसीपीची फाइल, सर्व्हिस रीस्टार्ट, आणि ते पाचपैकी तिसऱ्या पायरीला फसू शकतं. तिथे डेटाबेससारखं ट्रान्झॅक्शन असल्याचा आव आणू नकोस. प्रत्येक ॲप्लायरला, म्हणजे लागू करणाऱ्या तुकड्याला, ‘हे बदल’ असं सांगण्याऐवजी ‘शेवटी असं दिसलं पाहिजे’ असं पूर्ण चित्र दे, तोच दोनदा चालवला तरी निकाल एकच आला पाहिजे. मग फसलं की जुन्या झाडाने तेच ॲप्लायर परत चालवायचे. तेही फसलं तर डीमनने तसं स्पष्ट नोंदवायचं आणि पुढचं कमिट घ्यायचं नाही, माणूस बघेपर्यंत.

आणि कन्फर्म, म्हणजे कमिटनंतर माणसाने येऊन तो पक्का करणं. माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये ते नव्हतं. एका संध्याकाळी दाभोळच्या एका कोल्ड स्टोरेजच्या बॉक्सवर डीफॉल्ट रूट (नेटवर बाहेर जायचा रस्ता) चुकीचा कमिट केला, एंटर दाबला आणि एसएसएच गोठलं. तिथे कॉन्सोल लावणारं कुणी नाही. रत्नागिरीहून जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ, मग गुहागरवरून धोपावे, तिथे परत फेरीबोट. धोपाव्याला पोचलो तेव्हा शेवटची फेरी गेलेली, आणि समोर खाडीपलीकडे दाभोळचे दिवे दिसतायत. पाच मिनिटांच्या पाण्यासाठी रात्र अलीकडे काढली. परत आल्यावर दुसरं काही न करता कन्फर्म लिहिलं.

पद्धत जुनीच आहे, जुनिपरच्या राउटरवरच्या जुनॉसमध्ये कमिट कन्फर्म्ड आहे, काही न सांगता दिलं तर दहा मिनिटं, नेटकॉन्फ ह्या कॉन्फिग बदलण्याच्या प्रोटोकॉलच्या २०११च्या स्टँडर्डमध्ये, आरएफसी ६२४१मध्येही तेच, ६०० सेकंद. कमिट लागू होतो, पण ठरलेल्या वेळात माणसाने परत येऊन ‘हो, मी अजून आत आहे’ असं सांगितलं नाही तर डीमन आपणहून मागे जातो. तुझ्या डीमनमध्ये मी ह्याला पर्याय म्हणून ठेवणार नाही, लांबून आलेल्या प्रत्येक कमिटला ते आपोआप लागू करीन.

ह्यात दोन खाचा आहेत. एक, कन्फर्म येईपर्यंत नवीन कॉन्फिग बूटच्या फाइलमध्ये लिहायचंच नाही. मग मधेच लाइट गेली, डीमन पडला, बॉक्स हँग झाला, काहीही झालं तरी उठताना जुनंच कॉन्फिग वाचलं जातं, मागे फिरण्यासाठी वेगळा कोडच लागत नाही. आपल्याकडे पावसात लाइट जायचीच, तर तिचा हा एक उपयोग करून घे.

दुसरी खाच घड्याळाची. ह्या स्वस्त बॉक्सना घड्याळाची बॅटरी नसते, लाइट येऊन बूट झाला की वेळ जुनीच कुठली तरी असते आणि नेट मिळाल्यावर एनटीपी ती दुरुस्त करतं. आता बघ काय होतं. माणूस जागेवर जाऊन बॉक्स चालू करतो, रूट घालतो, कमिट करतो. रूट बरोबर आहे, म्हणून नेट येतं. नेट आलं म्हणून एनटीपी चालतं. घड्याळ एकदम काही महिने पुढे उडी मारतं. डीमन म्हणतो दहा मिनिटं कधीच संपली, आणि बरोबर असलेला रूट काढून टाकतो. मग नेट जातं. हे आम्ही दोन दिवस शोधत होतो, कारण प्रत्येक वेळी कॉन्फिग बरोबर असेल तेव्हाच ते मागे जायचं. उपाय एका ओळीचा, गेटटाइमऑफडे वापरायचं नाही, मोनोटोनिक घड्याळ, जे उडी मारत नाही ते, वापरायचं, ओपॅम ह्या ओकॅमलच्या पॅकेज मॅनेजरवर एमटाइम नावाची लायब्ररी त्यासाठीच आहे.

डिस्कवर लिहिण्याबद्दल. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, दापोली मंडणगडकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, लोकांनी मिळेल त्या जनरेटरवर कोल्ड स्टोरेज चालवली आणि बॉक्स दिवसातून दहादा चालू बंद झाले. त्यानंतर माझ्या दोन बॉक्सवर कॉन्फिगची फाइल जागेवर होती पण शून्य बाइटची. मी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग रीनेम करत होतो, म्हणजे अर्धं काम बरोबर होतं. पण ओकॅमलचं फाइल बंद करणारं क्लोज-आउट डेटा कर्नलला देतं, डिस्कला नाही. क्रम असा हवा: त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल, लिहून फ्लश, मग एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवणारा कॉल), मग रीनेम, मग त्या डिरेक्टरीचंही एफसिंक. मागच्या वीसेक आवृत्त्या शेजारी ठेव आणि बूटला मुख्य फाइल वाचता आली नाही तर शेवटची चांगली घे. मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर गेलं तेव्हा ह्या क्रमाने लिहिणारे सगळे बॉक्स नीट उठले, एकाही ठिकाणी जावं लागलं नाही.

फाइलचा फॉरमॅट माणसाला वाचता येणारा टेक्स्ट ठेव, कंस आणि ओळी, मेनहिर ह्या टूलने पार्सर (फाइल वाचून झाड बनवणारा कोड) लिही, एररमध्ये ओळीचा नंबर दे. ओकॅमलचं मार्शल मोड्यूल लिहिणं-वाचणं एका ओळीत सगळं करून देतं म्हणून मोह होतो, पण ते वाचताना टाइप तपासत नाही, पुढच्या व्हर्जनमध्ये टाइप बदललास आणि जुनी फाइल वाचलीस तर प्रोसेस सरळ सेगफॉल्ट होऊन मरू शकते. आणि रात्री अकराला जागेवरचा माणूस फोनवर ‘फाइलमध्ये काय दिसतंय वाच’ म्हटल्यावर वाचू शकला पाहिजे.

एलडब्ल्यूटी का ईआयओ: एलडब्ल्यूटी घे. ईआयओ छान आहे, डिसेंबर २०२२ला ओकॅमल ५.० आलं त्यातल्या इफेक्ट ह्या सोयीवर उभं आहे, कोड सरळ वाचता येतो, नवीन टीम असती तर कदाचित तेच म्हणालो असतो. पण तुझ्या डीमनला समांतरपणा नकोच आहे, लिहिणारा एकच हवाय, आणि एलडब्ल्यूटीत दोन बाइंडच्या (कामाचे टप्पे जोडणाऱ्या जागांच्या) मधला कोड कुणी तोडत नाही त्यामुळे रनिंगचा रेफ बदलायला लॉक लागत नाही. डोमेन, म्हणजे समांतर चालणारे धागे, तर अजिबात नकोत, एकदा डोमेन सुरू केलं की ओकॅमल ५मध्ये फोर्क (नवी प्रोसेस काढणं) करता येत नाही, आणि तुला ॲप्लायर चालवायचेत.

एलडब्ल्यूटी घेतलंस तर पहिल्या दिवशी दोन ओळी लिही. सिगपाइप (बंद सॉकेटवर लिहिलं की येणारा सिग्नल) इग्नोर कर, आणि असिंक-एक्सेप्शन-हुक (कुणी न पकडलेल्या एररचं काय करायचं ते ठरवणारा) स्वतःचा लाव, कारण मूळचा हुक मेसेज छापून अख्खी प्रोसेस बंद करतो. आमच्याकडे एकाने मोठा कॉन्फिग बघताना मधेच कंट्रोल-सी दाबलं, क्लायंट गेला, डीमन बंद सॉकेटवर लिहायला गेला आणि तोही गेला. बघणाऱ्याच्या कंट्रोल-सीने कॉन्फिग डीमन मरणं हे मला आजही बघवत नाही.

प्रोटोकॉल: युनिक्स डोमेन सॉकेट (एकाच बॉक्सवरच्या प्रोसेसनी आपसात बोलायची जागा), चार बाइट लांबी आणि मग मेसेज. प्रोटोबफ घे, ओकॅमल-प्रोटॉक चांगलं चालतं आणि पायथनची बाजू आयती मिळते, पण जेसन घेतलंस तरी माझं भांडण नाही. लांबीला वरची मर्यादा घाल, आणि रीड मागितलं तेवढं एकदम देतोच असं धरू नकोस, लूप लाव. पहिल्या मेसेजमध्ये व्हर्जन. माझं भांडण एकाच गोष्टीवर आहे, पाथ नेहमी स्ट्रिंगची यादी म्हणून पाठव, ठिपक्यांनी किंवा स्पेसने जोडलेली एक स्ट्रिंग म्हणून कधीच नाही. इंटरफेसच्या नावात ठिपका असतो, आयपीत असतो, डिस्क्रिप्शनमध्ये स्पेस असते, आणि मग प्रत्येक भाषेतल्या लायब्ररीत एस्केप करण्याचे वेगवेगळे नियम जन्माला येतात. कोण बोलतंय हे सॉकेट फाइलच्या ग्रुप परमिशनवरून आणि कर्नल जे समोरच्या प्रोसेसचं यूआयडी (युजरचा नंबर) सांगतं त्यावरून ठरव, ते ओकॅमलच्या युनिक्स मोड्यूलमध्ये नाही, पण एलडब्ल्यूटीच्या युनिक्स मोड्यूलमध्ये गेट-क्रेडेन्शियल्स आहे, सीचा कोड लिहावा लागत नाही.

आता क्लायंट लायब्ररी, आणि इथे माझं म्हणणं एवढंच की त्या जितक्या पातळ तितक्या चांगल्या. क्लायंटमध्ये व्हॅलिडेशन नको, कॅश नको, स्कीमाचं ज्ञान नको. तू क्लायंटमध्ये आयपी तपासायला लागलास की उद्या डीमनचं तपासणं आणि पायथनचं तपासणं वेगळं होणार, आणि होडीवर दोन तांडेल झाले. ओकॅमलच्या बाजूला ड्यून ह्या बिल्ड टूलमध्ये तीन वेगळ्या लायब्ररी कर, प्युअर झाड, प्रोटोकॉल, आणि डीमन. प्रोटोकॉलमध्ये आयओ अजिबात नको, फक्त बाइट घेऊन मेसेज आणि मेसेज घेऊन बाइट. मग त्याच्यावर ब्लॉकिंग क्लायंट, एलडब्ल्यूटी क्लायंट, उद्या ईआयओ क्लायंट, प्रत्येकी शंभरेक ओळीत होतो.

पायथनमधून ओकॅमलचा कोड थेट लिंक करायचं म्हणतोस, ते जमतं. व्हायओएस ह्या राउटरसाठीच्या लिनक्समध्ये ओकॅमलचा कॉन्फिग पार्सर शेअर्ड लायब्ररी करून पायथनमधून वापरतात. पार्सरसारख्या प्युअर गोष्टीला ते ठीकच आहे. पण डीमनशी बोलायला पायथनच्या प्रोसेसमध्ये ओकॅमलचा रनटाइम, त्याचा जीसी (मेमरी साफ करणारा), एआरएम प्रोसेसरसाठी वेगळं बिल्ड, हे कशाला ओढवून घ्यायचं? सॉकेट उघडून चार बाइट वाचणं पायथनला स्वतःला येतं. तिथे एकाच गोष्टीकडे लक्ष दे, सेशन हा कॉन्टेक्स्ट मॅनेजर (पायथनचा विथ) कर, म्हणजे स्क्रिप्ट मधेच मेली तरी सेशनचा लॉक सुटतो, ओकॅमलमध्ये ब्लॉकिंग क्लायंटसाठी त्याच कामाचं फन.प्रोटेक्ट आहे. आणि क्लायंटचं कनेक्शन तुटलं की डीमनने कँडिडेट टाकून द्यायचा, पण कन्फर्मची वाट बघणारा कमिट मात्र कनेक्शनला बांधायचा नाही, कारण नेट तुटेल म्हणूनच तर तो आहे.

टेस्टसाठी क्यूचेक ही आपोआप उदाहरणं बनवून नियम तपासणारी लायब्ररी घे आणि दोन नियम लिही: झाड छापून परत वाचलं की तेच झाड आलं पाहिजे, आणि अ आणि ब मधला डिफ अ ला लावला की ब आला पाहिजे. माझे निम्मे बग ह्या दोन नियमांनी पकडलेत. त्याच्यानंतर मात्र टेबलावर एक बॉक्स ठेव, स्विचबोर्डाला लाव, लूपमध्ये कमिट चालू ठेव आणि बटण दाबत बस, बंद चालू बंद चालू, निदान शंभर वेळा. ह्याला दुसरा मार्ग नाही.

आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं सुरू व्हायच्या आत, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत, झाड, डिफ, फाइल लिहिणं आणि कन्फर्म एवढंच पुरं कर, सॉकेटसुद्धा नको, कमांड लाइनवरून चालव आणि एका पॅकिंग हाऊसला बसव. सीझन चालू असताना काय तुटतं ते तिथे कळेल. पहिली टेस्ट अकरा फायरवॉल रूलची लिही आणि ती पास झाली की मला कोड पाठव, मी वाचतो.